कापसाच्या कळ्यांचा सेहरा

मलकाबाय झिराडकरची गोष्ट लिहून घे. सावकाश लिही, आणि मध्येच हिब्रूत काही विचारू नकोस, माझा धागा तुटतो.

मलकाबाय माझगावात वाढलेली, पण माहेर-सासर दोन्ही मूळचं अलिबागकडचं. बुटकी, हाडाने बारीक, बोलायला कमी. चार बायका एकत्र बसल्या की ही कुठल्या तरी कोपऱ्यात काहीतरी निवडत नाहीतर वळत बसलेली. तिचा नवरा सामाजी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता, ताठ माणूस, पँटीला इस्त्री केल्याशिवाय बाहेर न पडणारा. इस्रायल झाल्यावर काही वर्षांनी ती दोघं इथे आली. आधी तंबूत राहिली, मग पत्र्याच्या खोलीत, आणि सत्तावन सालात किर्यात गातला. गाव म्हणायचं आपलं. घरांच्या दोन ओळी, पाण्याची टाकी, आणि पुढे नजर जाईल तिथे माती. सामाजीला फिटरचं काम कोण देणार? कापूस साफ करायच्या गिरणीत गठ्ठे उचलायचं काम मिळालं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, मिशी, कानाचे केस, सगळ्यावर कापूस. मलकाबाय म्हणायची, "माणूस जातो सकाळी आणि म्हातारा येतो संध्याकाळी."

तर शेजारच्या शुलामितमामीच्या मेयरचं लग्न ठरलं. शुक्रवारचा दिवस, मलकाबाय दारात बसून शब्बाथच्या दिव्याच्या वाती वळत होती. आपले ज्यू पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, म्हणून आपल्या घरात मेणबत्त्यांचं कौतुक उशिरा आलं. तेल आणि वात, हेच आपलं. गिरणीतून सामाजीच्या डब्याला लागून आलेला कापूस, त्याच्या ती फुलवाती करत होती. खाली पोटाला गोल, वर टोक काढलेलं.

शुलामितमामी येऊन बसली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

"माझा पोर उघड्या तोंडाने हुप्प्याच्या मांडवाखाली जाणार गो," ती म्हणाली. "सेहरा कुठून आणू? इथे झुडपाला पान फुटलं तर लोक बघायला जातात. मोगरा कुठला?"

आपल्यात नवरा मुलगा कपाळावरून मोगऱ्याच्या सरी सोडून येतो, हनुवटीपर्यंत, सगळं तोंड झाकेल असा. तोच सेहरा. तो नसला तर आईला वाटतं, आपला पोर लग्नाला नाही, बाजारात चाललाय.

 वात वळता वळता मलकाबायचा हात थांबला. तिने ती वात दोन बोटांत उभी धरली, उजेडाकडे केली.

"मामी, ही बघा."

"वात आहे. काय बघू?"

"नीट बघा तर."

मामीने वात हातात घेतली. फिरवून बघितली. आणि काय केलं माहितीय? नाकाला लावली. वास घेतला तिने कापसाचा.  मलकाबाय मला म्हणायची, त्या वेळी मामी हसली असती, नाहीतर वाहवा म्हणाली असती, तर मी विसरून गेले असते. पण तिने वास घेतला.

मग काय, दोन-तीन दिवसांत मलकाबायने कळ्यांचा ढीग घातला. दोऱ्यात ओवल्या, पेटीच्या तळाला मोगऱ्याच्या अत्तराची मुंबईची कुपी होती तिच्यातलं थेंबभर कापसाला लावलं. मेयर तो सेहरा बांधून आला तेव्हा आपली म्हातारी माणसं जागची उठून उभी राहिली. एक आजोबा पुढे जाऊन सरीला हात लावून म्हणाले, "विमानाने आणला काय रे?"  इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांना एकदम आपलं अंगण आठवलं होतं, आणि आठवण डोळ्यांसमोर लोंबत होती.

त्या लग्नातून घरी येताना मलकाबाय नवऱ्याला म्हणाली, "मी याचा कारखाना काढते."

सामाजी थांबला. "कशाचा?"

"फुलांचा."

"वाळवंटात फुलांचा कारखाना," तो म्हणाला. "बरं. आणि उद्या मी समुद्र विकायला काढतो. गिरणीत बायकांची भरती चाललीय, कापूस निवडायला. चांगली नोकरी आहे. पगार आहे, चहाची सुट्टी आहे."

"कापूस निवडायचा आणि दुसऱ्याला द्यायचा," ती म्हणाली. "मी वळीन."

सामाजी पुढे चालू लागला. त्याला वाटलं, दोन दिवसांत खूळ उतरेल.

नाही उतरलं. ती गावच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाला हिने मोडक्या हिब्रूत जागा मागितली, आणि तो म्हणाला, सावलानूत. म्हणजे धीर धर. इथे पाव संपला तरी सावलानूत आणि छप्पर उडालं तरी सावलानूत. ही दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी कंटाळून त्याने सिमेंटच्या गोणी ठेवायची एक रिकामी पत्र्याची शेड दिली. म्हणाला, "पेसाखच्या सणापर्यंत वापर. तोवर धंदा चालला तर राहा. नाही तर एक चांभार मागतोय, त्याला देणार." आणि पेसाखनंतर पुढे कितीतरी दिवस लग्नंच नसतात आपल्या धर्मात. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच्या आत.

शेडमध्ये तिच्यासोबत एकच बाई आली, त्सिपोरा. विधवा, उंच, जिभेला धार. तिच्या तोंडाला लागायला माणसं घाबरायची. पण बोटं अशी की तिने ओवलेली सर हवेत सोडली तर पाण्यासारखी पडे. दोघींचं पटायचं नाही. त्सिपोराला लाल, गुलाबी, जांभळं सगळं हवं.

"नुसतं पांढरं काय करायचं गो? लग्न आहे का हॉस्पिटल?"

"मोगरा लाल कधी असतो?"

"मोगरा कापसाचा कधी असतो?"

 फुलं मात्र पांढरीच झाली.

आता धंदा म्हणजे काय असतं, ते तिला तेव्हा कळायला लागलं. एकदा जीव लावून केलेली गोष्ट निराळी, आणि तीच पुन्हा पुन्हा, ओळख नसलेल्या माणसासाठी करायची निराळी. पहिले सेहरे आपल्याच लोकांत गेले, कोणी बेर शेवाहून मागवला, कोणी दिमोनाहून. पण पुरेसं नव्हतं. शिवाय इथली धूळ. खमसीन, म्हणजे वाळवंटाचा गरम धुळीचा वारा, सुटला की दार लावा, फटीला कापड कोंबा, तरी सकाळी सगळ्या कळ्या चहात बुडवल्यासारख्या. मलकाबाय मला म्हणाली होती, "मी त्या कळ्यांकडे बघत बसले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. यांचं बरोबर असेल. गिरणीत गेलेलं बरं."

मग तिला सुचलं मेण. मेणबत्त्यांचे तुकडे वितळवायचे, कळीचं टोक त्यात बुडवायचं आणि झटकायचं. बघ काय झालं, कळीला अशी चमक आली, जशी पहाटेच्या मोगऱ्याला असते. धूळ बसेना, बसली तर फुंकरीने उडे.  त्सिपोरानेच एक सर दारात टांगली, आणि रस्त्याने जाणारं माणूस थांबून बघे. आपलं नव्हे, मोरोक्कोचं, पर्शियाचं, रोमानियाचं. कोणी आत येऊन नुसतं उभं राही. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण बघायला भाषा कशाला लागते?

अशीच एक दिवस झेहावा थांबली. मोरोक्कोची. तिकडे तिचं नाव झोहरा होतं, इथे झेहावा केलं. मोठी बाई, हातात बांगड्या, आवाज असा की अर्ध्या गावाला ऐकू जाई. हाईम नावाचा तिचा थोरला लग्नाचा होता.

"हे काय?" तिने विचारलं.

मलकाबायने सेहरा उचलून कपाळाला लावून दाखवला.

झेहावा दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, "माझ्या हाईमला. याहून लांब. याहून दाट. माझ्या जावेने मुलाच्या लग्नात दोन बकरे कापले होते. तिचं तोंड बंद झालं पाहिजे."

ही पहिली बाहेरची ऑर्डर. तो सेहरा मलकाबायने असा केला की त्सिपोरा म्हणाली, "अगो, हा दिला नाही तर चालेल काय? इथेच लावून ठेवू." प्रत्येक कळी नुसती टोकाला नाही, पूर्ण मेणात बुडवलेली. बाहेरच्यांकडे चाललंय, धूळ लागता कामा नये म्हणून.

आता पुढचं ऐक. आपल्या लग्नात मेणबत्त्या हातात घेऊन कोणी चालत नाही. त्यांच्यात चालतात. नवरा मुलगा आला की दोन्ही बाजूंनी बायका पेटलेल्या मेणबत्त्या धरून नाचत, जिभेने लुलुलु करत त्याला नेतात. हे आपल्याला कसं माहीत असणार? मलकाबाय आणि त्सिपोरा तिथे मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, आपलं काम बघायला आलेल्या. हाईम आला.  झेहावाची जाऊ खुर्चीवर चढून बघत होती. मलकाबायच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पुढचं तिने धूसरच बघितलं. एक काकी आनंदाने हाईमच्या तोंडाजवळ मेणबत्ती ओवाळायला गेली.

एक कळी पेटली. दिव्यासारखी, शांत. मग तिच्या वरची. मग सगळी सर.

मलकाबाय कशी पोचली तिचं तिला कळलं नाही. माणसं बाजूला ढकलत गेली, दोन्ही हातांनी सेहरा धरला आणि हाईमच्या डोक्यावरून ओढून जमिनीवर टाकला. कोणीतरी त्याच्यावर रस ओतला. हाईमची एक भुवई गेली, कपाळ लाल झालं, बाकी देवाने राखलं. मलकाबायच्या तळव्यांना फोड आले.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. हात जळल्याचं दुःख नव्हतं. "सगळं आयुष्य वाती वळल्या," ती म्हणाली, "आणि वात मेणात बुडवून मी पोराच्या तोंडावर बांधली. मला कळू नये? मला?"

खरंच, आपल्याशिवाय ही चूक कोणी केली नसती. दुसऱ्या कोणी फूल केलं असतं तर कागदाचं केलं असतं, कापडाचं केलं असतं. हिने केलेलं फूल मुळात दिवा होता.

बाजारात झेहावा सगळ्यांना सांगे, "हिंदी बाईने माझ्या मुलाचा दिवा लावला." लोक हसत. ऑर्डरी गेल्या, आपल्या लोकांच्यासुद्धा. शुलामितमामी दुसऱ्या रस्त्याने जायला लागली. कचेरीतला माणूस येऊन शेडचं दार मापून गेला, चांभाराला मशीन आत न्यायचं होतं. त्सिपोरा म्हणाली, "मी गिरणीत नाव घालते गो. रागावू नको." मलकाबाय रागावली नाही. तिने तिला दोरा, सुया, सगळं देऊ केलं. त्सिपोराने घेतलं नाही. "असू दे तिथेच," म्हणाली आणि गेली.

हात बरे होईपर्यंत मलकाबाय घरातच होती. मग एक दिवस उठली, शेडमध्ये गेली आणि मेण सगळं बाहेर टाकलं. कळ्या मिठाच्या पाण्यात घालून बघितल्या, पेटल्या. खळ लावून बघितली, पेटल्या आणि वर उंदीर आले. एकेक कळी चिमट्यात धरायची, काडी लावायची, बघायचं. रोज शेडमधून जळक्या कापसाचा वास. सामाजी कामावरून येताना दाराशी थांबून बघे आणि पुढे जाई.

एक दिवस दाढी करताना त्याला कापलं. त्याने गालाला तुरटी फिरवली आणि हातातल्या खड्याकडे बघत राहिला.

"मलका," तो म्हणाला. "परळला रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये आपली पोरं नाटक करायची, आठवतं?"

"आठवतं. तुम्ही शिपाई झाला होतात आणि मिशी पडली होती."

"मिशीचं सोड. स्टेजवर कंदील लागायचे ना, म्हणून आधी पडदा तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचे. मीच पिळलाय तो पडदा."

मलकाबाय त्याच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही मला आता सांगता?"

"मला वाटलं तू सोडून देशील," तो म्हणाला. "सोडून द्यावंस असंच वाटत होतं. आता तू सोडत नाहीस ते मला दिसतंय. मग निदान पोळून तरी घेऊ नकोस."

तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या कळ्या तिने उन्हात वाळत घातल्या. दुपारी बघायला गेली आणि तिथेच खाली बसली. प्रत्येक कळीवर तुरटीचे बारीक बारीक कण धरले होते. वाळवंटातलं ते ऊन, आणि त्याच्यात त्या कळ्या अशा दिसत होत्या की नुकतंच दंव पडलंय, अजून कोणी हात लावलेला नाही. बाळा, मी पुष्कळ गोष्टी बघितल्या, बोट बघितली, विमान बघितलं, पण कापूस, तुरटी आणि ऊन यातून काय निघालं ते मी बघितलंय, आणि मला अजून कळत नाही ते कुठून आलं. तिने ते केलं नव्हतं म्हण. तिने फक्त जागा करून दिली होती.

तिने काडी लावली. कळी काळी झाली, धूर सोडला, विझली.

तिने सगळा सेहरा पुन्हा केला. आणि पुरीमचा सण झाल्यावर, पेसाखची साफसफाई सगळ्यांच्या घरी चाललेली असताना, सेहरा ताटात ठेवून, वर रुमाल घालून सरळ झेहावाच्या घरी गेली. झेहावाच्या मुलीचं, शोशीचं लग्न त्याच आठवड्यात होतं; सेहरा तिच्या नवऱ्या मुलासाठी. ती ऑर्डर नाही मिळाली तर शेड गेली, हे तिला माहीत होतं. सामाजी म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, दाराशी थांबा.

घरात बायकाच बायका. चादरी धुतलेल्या, गाद्या उन्हात. हाईम चहा पीत बसला होता, एक भुवई अर्धी उगवलेली. त्याने ताटावरचा रुमाल बाजूला झालेला बघितला आणि कप तसाच ठेवून अंगणात निघून गेला.

झेहावा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "परत आलीस? आता जावई जाळायला?"

मलकाबायचं हिब्रू तेवढं नव्हतं. तिने एकच शब्द म्हटला, मेणबत्ती. दोनदा म्हटला. कोणीतरी आणून दिली. तिने ती पेटवली आणि झेहावाच्या हातात दिली. मग खाली मान घालून तो सेहरा स्वतःच्या कपाळाला बांधला, मागे गाठ मारली आणि स्टुलावर बसली. तोंड पूर्ण झाकलेलं. हात मांडीवर.

"लाव," ती म्हणाली.

 झेहावा मेणबत्ती घेऊन पुढे आली. दाराशी सामाजीने चौकट घट्ट धरली. मलकाबायला फुलांतून फक्त पिवळा डाग जवळ येताना दिसत होता. ती मला सांगायची, "त्या वेळी मला धंदा आठवला नाही गो, शेड आठवली नाही. वाटलं, ही माझी वस्तू आहे, हिच्याबरोबर मला बसलंच पाहिजे."

ज्योत कळीला लागली. धूर आला. बायकांमधून कोणीतरी श्वास ओढला. कळी काळी झाली, आणि थांबली. झेहावाने ज्योत शेजारच्या कळीला लावली. तीही थांबली. मग तिने मेणबत्ती खालून वर सगळ्या सरीवरून नेली, हळू, जसं आपण भाकरीच्या कडा बघतो तसं. काही पेटलं नाही. सरीवर काळे ठिपके पडले, बाकी सगळं चमकतच होतं.

झेहावाने मेणबत्ती खाली केली.  मग म्हणाली, "काळ्या झालेल्या काढून नव्या लाव. आणि खालची सर आणखी लांब. परवा पाहिजे."

"परवा होणार नाही," सेहऱ्यातून मलकाबाय म्हणाली. "एकटी आहे."

"उंच बाई कुठे गेली ती? तिला बोलाव. आणि माझ्या दोन भाच्या घे, घरात नुसत्या बसलेल्या असतात."

तेवढ्यात झेहावाच्या म्हाताऱ्या सासूने हात पुढे केला. तिलाही मेणबत्ती लावून बघायची होती. मग शोशीला, मग काकीला, त्याच काकीला. एकेक जण येई, ज्योत लावी, काळी झालेली कळी बघून मान हलवी. मलकाबाय तशीच मान खाली घालून बसलेली. कोणीतरी जिभेने लुलुलु केलं, मग सगळ्यांनी. एकीने परात घेऊन ठेका धरला. त्या सगळ्या तिच्याभोवती हात धरून फिरायला लागल्या, तेच गाणं म्हणत जे नवरदेवाला आणताना म्हणतात.

झेहावाचं दाराकडे लक्ष गेलं. सामाजी तिथे इस्त्रीच्या पँटीत उभा होता, आत यावं की नाही कळेना.

"तू हिचा नवरा?" तिने विचारलं.

सामाजीने मान डोलावली.

"आज नाहीस," झेहावा म्हणाली. "आज नवरदेव ही आहे. तू मागे उभा राहा आणि टाळ्या वाजव."

आणि तो वाजवायला लागला.